माण खोऱ्यात जनावरं पाळायची असतील तर आधी वैरण, मग गोठा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणारं पस्तिशीतलं जोडपं. आटपाडी तालुक्यात माण नदीच्या काठच्या गावात वडिलोपार्जित ९ एकर जमीन. त्यातली ४ एकर नदीकडची काळी, तिथवर टेंभू उपसा योजनेचं पाणी हल्ली येऊ लागलंय. उरलेली ५ एकर मुरमाड माळ. नोकरी सोडून गावी यायचं, माळाला तारेचं कुंपण घालायचं आणि अमेरिकेत असतं तसं 'छोटं रँच' उभं करायचं असा विचार आहे. एक तर २० एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुधाळ जातीच्या) गाई, नाहीतर राष्ट्रीय पशुधन अभियानातून अनुदान घेऊन ५०० शेळ्या आणि २५ बोकड. भाऊ म्हणतो डाळिंब लावा. दोघांचा प्रश्न आहे, कोणतं जनावर घ्यावं?

पशुवैद्यक म्हणून माझी बहुतेक नोकरी याच खोऱ्यात गेली. कधी दहिवडीच्या बाजूला, कधी आटपाडी-सांगोल्याकडं. त्यामुळं सरळच सांगतो: कोणतं जनावर हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो पहिला विचारलाय. आधी वैरणीचा हिशोब मांडू.

साधारण ४०० ते ४५० किलो वजनाच्या संकरित दुभत्या गाईला रोज १३-१४ किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते) पोटात जायला हवेत. म्हणजे २०-२५ किलो हिरवा चारा, ५-६ किलो कडबा आणि दुधाप्रमाणं ४-५ किलो खुराक. २० गाईंचा नुसता कडबाच वर्षाला ४० टनांच्या घरात जातो. आपल्याकडं जिरायत रब्बी ज्वारीचा कडबा बरा पाऊस झाला तर एकरी एक-दीड टन निघतो. म्हणजे तुमच्या २० गाईंसाठी ३० एकरांवर ज्वारी हवी, आणि जमीन आहे ९ एकर. हिरवा चारा रोज ४००-५०० किलो लागेल. त्यासाठी फुले जयवंतसारखं संकरित नेपिअर गवत बारमाही पाण्यावर तीन-साडेतीन एकरांत ठेवावं लागेल, म्हणजे तुमची सगळी काळी त्यातच गेली. पाण्याचं वेगळंच. उन्हाळ्यात एचएफ गाय पिण्यालाच ७०-८० लिटर घेते, धुण्या-सारवण्याचं धरलं तर २० गाईंना रोज दोन-अडीच हजार लिटर लागतात. आवर्तन (योजनेच्या पाण्याची पाळी) लांबलं की चार-पाच दिवसांनी एक टँकर, तोही पैसे मोजून.

शेळ्यांनी प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर तेही बघा. बंदिस्त शेळीला ४-५ किलो हिरवा आणि अर्धा-पाऊण किलो वाळला चारा लागतो. १०० शेळ्या म्हणजे चाऱ्याच्या भाषेत २० गाईच झाल्या. ५०० शेळ्यांना रोज दोन टनांहून जास्त हिरवा चारा आणणार कुठून? योजनेत १००+५ पासून ५००+२५ पर्यंतचे टप्पे आहेत, भांडवली खर्चाच्या निम्मं अनुदान मिळतं, मोठ्या टप्प्याला ५० लाखांपर्यंत. अनुदानाचा आकडा बघून कळपाचा आकार ठरवणारे इथं बरेच झाले. त्यांचे उंच, जाळीच्या फरशीचे, पत्र्याचे रिकामे गोठे बघायचे असतील तर कोणत्याही रस्त्यानं या, दिसतील.

आता हे खोरं कसं चालतं ते सांगतो, कारण पुण्यात वाढलेल्या माणसाला गाव ठाऊक असतं पण गावाचं वर्ष ठाऊक नसतं.

माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते. दहिवडी, म्हसवड करत आटपाडी आणि सांगोला तालुक्यांतून जाते आणि पंढरपूरच्या अंगाला सरकोलीजवळ भीमेला मिळते. नाव नदीचं, पण वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्याच्या वाट्याला सरासरी साडेचारशे-पाचशे येतो. तोही वेळापत्रकानं येत नाही. मृगाचा थोडा शिडकावा, मग जुलै-ऑगस्टात वारं आणि कोरडे ढग, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्ताच्या नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणून इथलं मुख्य पीक खरिपाचं नाहीच. बाजरी, मटकी, हुलगा माळावर होतात, पण घर चालतं ते रब्बीच्या मालदांडी ज्वारीवर. मालदांडीचं दाण्याचं उत्पन्न फार नाही, नव्या वाणांपुढं ती मागं पडते. तरी शेतकरी ती सोडत नाही, कारण तिचा कडबा गोड आणि जनावर तो बुडख्यापर्यंत खातं. कृषी विद्यापीठाच्या तक्त्यात दाण्याचा रकाना आधी येतो. इथला शेतकरी पेरताना कडब्याचा रकाना आधी वाचतो.

पाऊस हुकला की दाणा जातो, पण कडब्याचं काही ना काही हाती लागतं. तेही गेलं तर जनावर चालवत नेता येतं. पीक चालवत नेता येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. या खोऱ्यात शेती आणि जनावर हे दोन धंदे कधीच नव्हते. शेती बुडाली की जनावर विकून वर्ष काढायचं, आणि शेती पिकली की पैसा परत जनावरात घालायचा. १८७६-७७ च्या दुष्काळात कामं काढून राजेवाडीचा तलाव बांधला गेला. १९७२ ला मदतीची सुकडी आणि मिलो (परदेशी लाल ज्वारी) खाऊन लोकांनी बांधबंदिस्तीची कामं केली, त्यातूनच पुढं रोजगार हमी आली. दर पिढीला एक मोठा दुष्काळ ठरलेला. माणसंही याच न्यायानं बाहेर पडली. आटपाडी-खानापूरकडची गलाईवाली मंडळी भारतभर सोनं-चांदी गाळायला गेली, त्यांच्या पैशावर इथली कितीतरी घरं उभी आहेत. तुम्ही पुण्याहून परत येताय ही उलटी वाट आहे. वाईट नाही, पण गावातले लोक तुमच्याकडं जरा चमकून बघतील ते त्यामुळं.

'रँच' म्हणालात म्हणून सांगतो, आपल्याकडं ते शेकडो वर्षं आहे. फक्त त्याला कुंपण नाही आणि त्याची जमीन मालकाची नाही. हटकर-धनगर मेंढपाळांचे वाडे (वाडा म्हणजे चार-सहा कुटुंबं आणि त्यांची मेंढरं) पावसाळ्यात इथल्या माळावर असतात. दिवाळी झाली, हिरवं संपलं की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कृष्णा-वारणेच्या ऊसपट्ट्यात, कोकणात, काही कर्नाटकाकडं उतरतात. रोहिण्या-मृगाच्या सुमाराला परत येतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्री मेंढरं बसवायला सांगतो. लेंडी आणि मूत थेट रानात पडतं, त्याच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख मिळते. तुमच्या नदीकाठच्या काळ्या रानाला पिढ्यान्‌पिढ्या हेच खत मिळालेलं असणार, वडिलांना विचारा. शेतकऱ्याला खत, मेंढपाळाला चराई. व्यवहार तोंडी, हिशोब पक्का.

आता तुम्ही माळाला कुंपण घातलंत तर काय होईल? कायद्यानं तुमचा हक्क आहे, कुणी अडवणार नाही. पण तुमच्या माळावरून गायरानात जायची वाट असेल तर ती तुटेल. पावसाळ्यात तिथं चरणारी मेंढरं दुसरीकडं जातील, आणि रोहिण्या-मृगाला ती परत आल्यावर 'या, बसवा' म्हणायला तुम्हाला तोंड राहणार नाही. कुंपणाच्या निम्म्या पैशात वेगळं काही करता येतं, ते पुढं सांगतो.

गायरानांचं राजकारण इथंच उरकून घेतो. जलसंधारणाची कामं या भागात मनापासून झाली आहेत. लोधवडे आदर्श गाव झालं, टाकेवाडी २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिली आली. डोंगरावर चर खोदले, झाडं लावली की पाठोपाठ चराईबंदी येते, आणि काही वर्षं ती लागतेच. अडचण अशी की बंदीचा ठराव ग्रामसभेत होतो तेव्हा मेंढपाळ चारशे मैल नसले तरी चार तालुके लांब असतो. बंदी उठवायची कधी आणि कुणासाठी, हे ठरावात लिहिलेलंच नसतं. गवत आलं की ते कापून न्यायचा लिलाव होतो आणि मेंढरांना मात्र प्रवेश नाही. वनखात्याच्या रानांतही हेच. तुम्ही शिकलेले आहात, उद्या ग्रामसभेत बसाल, तेव्हा बंदीला मुदत घाला आणि पावसाळ्यात टप्प्याटप्प्यानं चराई खुली ठेवा एवढं बोललात तरी पुष्कळ झालं.

खिल्लार या इथल्या देशी गाईचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं असणार. खिल्लारचा मूळ मुलूखच हा. पशुपैदाशीच्या जुन्या नोंदींत तिचे चार प्रकार येतात: आटपाडी महाल, म्हसवड, तापीकडची थिल्लारी आणि नकली. पहिल्या दोन नावांची गावं तुमच्या गावापासून मोटारसायकलच्या अंतरावर आहेत. आटपाडी महाल १९४८ पर्यंत औंध संस्थानात होता आणि संस्थानानं या जातीला आश्रय दिला. गाय दिवसाला दोन-चार लिटर देते, तेही वासराला पाजून. दुधासाठी खिल्लार कुणी पाळत नाही. पाळतात ते खोंडासाठी, म्हणजे तरण्या बैलासाठी. खरसुंडीच्या सिद्धनाथाची पौषी यात्रा, पुसेगावची सेवागिरींची यात्रा, सांगोल्याचा रविवारचा बाजार, इथं आदत (अजून दुधाचे दात असलेल्या) खोंडाला मिळणारा भाव हाच तिचा पगार.

तो पगार मधल्या काळात बुडाला. ट्रॅक्टर आला हे एक कारण. मग मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, आणि २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली, त्यामुळं म्हाताऱ्या बैलाला मिळणारी शेवटची किंमतही गेली. दावणीला असलेलं निकामी जनावर विकता येत नाही आणि पोसता येत नाही, अशा कोंडीत कितीतरी घरांनी खिल्लार सोडली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि चांगल्या खोंडाचे भाव पुन्हा वर गेले. पण तो पैसा नशिबाचा आहे. शंभर खोंडांतला एखादा शर्यतीत धावतो, बाकीचे साध्या भावानं जातात. एक खिल्लार गाय हौसेला ठेवा, माझा विरोध नाही. तिचं शेण-मूत, तिचा काटकपणा, घराची शोभा सगळं खरं. मात्र तिच्यावर कर्जाचा हप्ता ठेवू नका.

टेंभूबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण तुमच्या सगळ्या बेताचा पाया तेच पाणी आहे. कराडजवळच्या टेंभू गावी कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, सांगोल्याकडं आणायची ही योजना १९९६ पासून चालू आहे. ते आपोआप आलेलं पाणी नाही. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांच्या पुढाकारानं १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरल्या. सांगोल्याकडून गणपतराव देशमुखांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. चळवळीची मागणी नुसत्या पाण्याची नव्हती, समन्यायी वाटपाची होती: दर घराला पाणी, भूमिहीनालासुद्धा, आणि थोडं पाणी जास्त रानांवर पसरून. तुमच्या भागात बंद पाइपनं वाटप होतं त्यामागं हा विचार आहे.

पण हे पाणी विजेवर चढतं. कोयनेत साठा कमी, वीजबिल थकलं, पंप दुरुस्तीला गेला, वरच्या टप्प्यानं जास्त उचललं, यांतलं काहीही झालं की आवर्तन लांबतं. नदीकाठच्या विहिरीला त्या पाण्याचा पाझर लागतो म्हणून सध्या ती भरलेली दिसते. ती पाहून ऊस लावणारे शेजारी तुम्हाला भेटतील. माझा नियम असा आहे: या पाण्यावर वर्षातून दोन हंगाम धरा, तिसरा धरू नका. उन्हाळ्याचे तीन महिने पाणी आलंच नाही तर जे टिकेल तेवढंच कायमचं उभं करा. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दोन्ही वेळांना ज्यांच्या दावणीला तीन-चार जनावरं होती ते चारा छावणीत तगले. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची छावणी होती, सरकारी मदतीच्याही होत्या. ज्यांच्याकडं १५-२० संकरित गाई होत्या त्यांनी छावणीच्या दारातच निम्म्या विकल्या, पडेल त्या भावानं.

छावणीचं निघालं म्हणून एक कामाची गोष्ट. टंचाईत उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) स्वस्त मिळतं आणि लोक महिनोन्‌महिने तेच घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दूध कमी होतं, गाई उलटतात (भरवूनही गाभण राहत नाहीत), माजावरच येत नाहीत, आणि मालक म्हणतो डॉक्टर, इंजेक्शन द्या. इंजेक्शनानं काय होणार? वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत खनिज मिश्रण द्या, आणि निम्म्याच्या वर वाढं घालू नका.

तर मग करायचं काय? माझ्या हिशोबानं तुमच्या ९ एकरांची मांडणी अशी होईल.

माळ माळच ठेवा. सपाट करून डाळिंबाचे खड्डे काढू नका, जेसीबी लावू नका. ५ एकरांत उताराला आडवे छोटे चर काढा आणि पहिले दोन पावसाळे चराई बंद ठेवून गवताला बी धरू द्या. कुसळी आपोआप येते, पण तिला कुसळं धरली की ती मेंढरांच्या कातडीत घुसतात, म्हणून ती फुलोऱ्याआधी कापायची. मारवेल आणि पवन्याचे ठोंब लावा, बांधाला शेवरी, हादगा, सुबाभूळ. बाभळी तोडू नका, उन्हाळ्यात त्यांच्या शेंगा हे शेरडा-मेंढरांचं फुकटचं खाद्य आहे. कुंपणाऐवजी बांधावर घायपात किंवा निवडुंग, आणि वाटेला जागा सोडलेली. असा राखलेला माळ तिसऱ्या वर्षी एकरी दोन मेंढ्या सोसतो. आजचा उघडा माळ एकरी एकसुद्धा सोसत नाही.

४ एकर काळीतली २ एकर रब्बी ज्वारीला, दाणा घरात आणि कडबा गंजीत. एक एकर मका, दुधाळ-चिकाच्या अवस्थेत कापून मुरघास, म्हणजे हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा. ४५ दिवसांत तयार होतो आणि पिशवी हवाबंद राहिली तर उन्हाळाभर पुरतो. अर्धा एकर नेपिअर आणि मेथीघास. उरलेला अर्धा एकर घर, भाजीपाला, गोठा, आणि भावाच्या समाधानासाठी डाळिंबाची दोन-तीन डझन झाडं. डाळिंबानं सांगोला-आटपाडीचं नशीब पालटलं हे खरं, भगवा वाणाची खोकी युरोपपर्यंत गेली. पण आधी तेल्या रोगानं आणि मग मर रोग व खोडकिडीनं बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या, तेही अनुभवी माणसांना. नोकरी सोडून आलेल्या पहिल्या वर्षी ते शिकू नका.

जनावरं: दोन संकरित गाई, त्यापेक्षा जास्त नाहीत. त्यांचं दूध म्हणजे दर दहा दिवसांचा पगार, किराणा आणि शाळेची फी त्यातून. दुधाचा भाव कसा हलतो ते २०२४ मध्ये सरकारला लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं त्यावरून समजून घ्या. दोन गाईंचं नुकसान सोसतं. २० गाईंचं बँक सोसू देत नाही.

आणि मेंढ्या. मुख्य भर इथं द्या, पण २५ माद्या आणि एक नर एवढ्यावरच. हा आकडा बायकोनं किंवा नवऱ्यानं एकट्यानं सांभाळता येतो, आणि राखलेला माळ, ज्वारी काढल्यावरचं मोकळं रान, नदीकडचे बांध एवढ्यात बऱ्यापैकी भागतो. जात कोणती? काळी दख्खनी काटक असते, चालते, पण तिच्या लोकरीला आता कुणी विचारत नाही. वर्षातून दोनदा कातरायचे पैसे उलट आपणच द्यायचे आणि लोकर बांधावर टाकायची. घोंगडी विणणारी घरं कमी झाली त्याचा हा परिणाम. माडग्याळी मेंढी जतकडची, बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, कोकरू झपाट्यानं वाढतं. मटणासाठी उत्तम. मात्र कार्तिकात आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या यात्रेत लाखोंच्या बोलीचे माडग्याळी बकरे बघून डोकं फिरवून घेऊ नका. ते हौशी बाजाराचे भाव, कोकरं कसायाच्या काट्यावरच जायची आहेत. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी होतात हे खरं, पण दोन कोकरांना पाजायला आईच्या पोटात तेवढं जायला हवं. तुमच्या मुरघासाची सोय पक्की झाल्यावर त्या रक्ताचा एक नर आणा, आधी नको. शासनाच्या मेंढी-शेळी विकास महामंडळाची दहिवडी, रांजणी आणि महूदला प्रक्षेत्रं आहेत, पैदाशीचा नर तिथं चौकशी करून घेता येतो. तुम्ही धनगर समाजाचे असाल तर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो. तुमच्यासाठी ५००+२५ पेक्षा तीच योग्य मापाची.

चार-पाच शेरडं घरात असू द्या, अडीअडचणीला विकायला. याच्याएवढं रोखीचं जनावर दुसरं नाही.

रोगराईचं सगळं इथं लिहीत नाही, दवाखान्यात तक्ता लावलेला असतो. पण नवीन माणूस ज्यात फसतो ते सांगतो. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस पावसाआधी, मे-जूनमध्येच. पहिल्या पावसाची लुसलुशीत हिरवळ खाऊन गुटगुटीत कोकरं रात्रीत मरतात, आणि ती नेमकी सगळ्यांत चांगली कोकरं असतात. लोक म्हणतात कुणीतरी नजर लावली. ढगाळ, चिलटांच्या दिवसांत नीलजिव्हा येतो: तोंड सुजणं, लंगडणं. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि लाळ्या-खुरकूताच्या लसी वेळेवर घ्या, त्या शासनाकडून मिळतात. गाईंच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) लस, एकदाच. २०२२ च्या लम्पीनं काय केलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल, इथं आम्ही दावणीला पाहिलं. जनावराच्या कानात १२ आकड्यांचा बिल्ला असलाच पाहिजे. आता त्याच्याशिवाय खरेदी-विक्रीही होत नाही आणि मदतीच्या यादीत नावही येत नाही.

ज्वारीचं एक भय कायम लक्षात ठेवा. पाण्याच्या ताणावर आलेली, सुकून कोमेजलेली किंवा कापणीनंतर बुडख्याला फुटलेली कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किरळ लागते. पंधरा मिनिटांत धाप, थरथर, आडवं पडणं. हा सायनाइडचा प्रकार आहे. घरगुती ताक-गूळ करत बसू नका, थेट डॉक्टरला फोन करा, शिरेतून सोडियम थायोसल्फेट द्यावं लागतं. कापलेल्या ज्वारीच्या रानात पाऊस झाला की फुटवे कोवळे असेपर्यंत तिथं मेंढरं घालायची नाहीत.

लांडगा आहे. माणच्या माळावर तो पूर्वीपासून आहे, आणि तुमच्याआधी त्याचा माळ आहे. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) मजबूत, कुत्री दोन, आणि रात्री कोकरं डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली). तरी एखादं नेलं तर पुरावा हलवायच्या आत वनखात्याला कळवा. लांडग्याच्या हल्ल्याची भरपाई मिळते. विष टाकू नका. ते गुन्हा तर आहेच, आणि सगळ्यात आधी आपलीच कुत्री मरतात.

खरेदी कधी? आत्ता नाही. पहिलं वर्ष जनावर आणूच नका. कडब्याची एक गंज आणि मुरघासाच्या पिशव्या उभ्या राहिल्याशिवाय बाजारात पाय ठेवू नका, कारण बाजारात गेलेला नवा माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. मेंढ्या तर यात्रेत घेऊच नका. शनिवारी आटपाडीच्या बाजारात दोन-तीन महिने नुसतं हिंडा, दात बघायला शिका, हेड्या (जनावरांचा दलाल) रुमालाखाली भाव ठरवताना कुणाचं कोणतं बोट दाबतो ते लांबून बघा. मग दिवाळीआधी एखाद्या ओळखीच्या वाड्यावर जा. खाली उतरायच्या आधी मेंढपाळाला काही माद्या कमी करायच्या असतात. तिथं घेतलेल्या गाभण दुसऱ्या वेताच्या मेंढीचा इतिहास तुम्हाला तिच्या मालकाच्या तोंडून कळतो, बाजारात कळत नाही. त्याच माणसाला विचारा, येताना जूनमध्ये आमच्या रानात चार रात्री बसाल का. तो हो म्हणाला तर दर त्याच्याच तोंडून येऊ द्या, आणि मेंढरं बसवायची रानं आधी नांगरून ठेवा.

घरातल्या एकानं नोकरी अजून दोन वर्षं चालू ठेवावी, हे विचारलेलं नसताना सांगतोय. आणि दिघंचीच्या किंवा जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची ओळख जनावर आजारी पडायच्या आधी करून घ्या. त्यांच्याकडं गावं बरीच असतात आणि रात्री दोनला ओळखीचा फोन आधी उचलला जातो.